चटणीचं पाकीट करून घेताना

मी आणि माझी जाऊ मिळून कांदा-लसूण चटणी विकतो. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणायची, देठं खुडून उन्हात टाकायची, कांदा, खोबरं, धणे, तीळ भाजून घ्यायचे आणि सगळं डंकावर कांडून आणायचं. विक्री ओळखीपाळखीत, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून. मग एका सुपरमार्केटवाल्यानं चटणी चाखली, आवडली म्हणाला, आणि लगेच पुढं म्हणाला, "वहिनी, बारकोडवालं नीट पाकीट करून आणा, मग ठेवतो." तिथून आमचं हे प्रकरण सुरू झालं.

आमच्याकडं एक लेबल होतं. फ्लेक्सच्या एका दुकानात छपाई केली, त्यावर डिझाइन फुकट मिळालं. मागं ज्वाळा, पुढं इंटरनेटवरची मिरची, चार तऱ्हेची अक्षरं. खपायला त्याची काही आडकाठी नव्हती. पण मोठ्या पाकिटासाठी तेच लेबल मोठं करायची वेळ आली तेव्हा दुकान बंद पडलेलं, आणि आमच्या हातात व्हॉट्सॲपवर आलेलं एक चित्र. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. तो ताणला की पिक्सेल फाटतात, 'लसूण'मधला णच ओळखू येईना. शिवाय ती मिरची कुणाच्या फोटोतली, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळं या खेपेला डिझायनर शोधताना माझा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. ओपन फाइल, म्हणजे पुढं बदल करता येतील अशी मूळ फाइल, देणार का, एवढंच आधी विचारलं.

मिळाली ती भिशीतल्या मैत्रिणीची भाची. इथंच कोल्हापुरात उपयोजित कला शिकलेली, घरातूनच काम करते. तिनं 'हो' म्हटलं आणि व्हॉट्सॲपवर स्वच्छ लिहून पाठवलं: दोन वेगवेगळ्या कल्पना, त्यातली एक निवडायची, निवडलेल्यावर दोनदा बदल, त्यापुढच्या प्रत्येक बदलाला वेगळे पैसे, अर्धी रक्कम आधी आणि उरलेली फाइल देताना. छपाईचा खर्च यात नाही. माझ्या नवऱ्याला 'दोनदाच बदल' हे खटकलं. मला उलट बरं वाटलं. मर्यादा असली की माणूस बोलण्याआधी विचार करतो, आणि आमच्या घरात त्याची गरज होती.

पहिल्या भेटीला आम्ही यादी घेऊन गेलो होतो. लाल रंग, पेटलेली चूल, मिरच्यांची माळ, कोपऱ्यात अंबाबाईचं शिखर. तिनं सगळं वहीत लिहून घेतलं, हो नाही काही म्हटलं नाही, आणि विचारायला लागली. चटणी घेतं कोण? घरी नेल्यावर डब्यात ओततात की पाकिटातच ठेवतात? दुकानात शेजारी काय असतं? जाऊबाईंनी पटापट उत्तरं दिली, कारण गिऱ्हाइकाशी त्याच बोलतात. आमची निम्मी चटणी पुण्याला शिकायला किंवा नोकरीला असलेल्या पोरांसाठी जाते. ती पोरं डबा कुठला काढतात! पाकिटाला रबर लावून ठेवतात. "मग काकू, झिपवालं पाउच घ्यावं लागंल," ती म्हणाली. चित्राचा अजून पत्ता नव्हता, आणि पाकीट कुठलं हे ठरून गेलं होतं.

पाउचवरच थेट छापायचं का, हा विषयही तिथंच निघाला. त्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा कोरलेला सिलिंडर करावा लागतो, आणि तो खर्च मोठ्या मालावरच फिटतो. आमच्यासारख्यांनी कोरं पाउच घ्यावं आणि स्टिकर लावावा. क्राफ्ट कागदाचं तपकिरी पाउच मला फार आवडलं होतं. पण त्यावर थेट छापलं तर रंग मरतात, आणि चार रंगांच्या छपाईत पांढरी शाई नसतेच. पांढरं दिसतं ते खालच्या कागदाचं. म्हणून पाउच तपकिरी आणि स्टिकर पांढऱ्या कागदाचा.

दोन-चार दिवसांनी तिनं त्या सुपरमार्केटातल्या मसाल्याच्या फळीचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. फळीभर लालच लाल, मध्ये थोडं पिवळं. आमच्या यादीतलं पहिलं कलम, लाल रंग, तिथंच गेलं; तिनं निळा सुचवला. घरात मात्र ते जाता जाईना. "चटणी लालच असती, पाकीट निळं कशाला?" हा नवऱ्याचा मुद्दा, आणि त्याला सासूबाईंची साथ. डिझायनरनं वाद घातला नाही. तिनं घरच्या प्रिंटरवर दोन्ही रंगांची लेबलं काढली, रिकाम्या पाउचांना चिकटवली, आत भुसा भरला आणि दुकानदाराच्या परवानगीनं फळीवर ठेवून लांबून फोटो काढला. लाल पाकीट फोटोत शोधावं लागत होतं. निळं, जाऊबाईंच्या इरकली लुगड्यासारखं गडद, पहिल्यांदा तेच दिसत होतं. नवरा म्हणाला, "बघा तुमचं तुम्ही," आणि आमच्याकडं हा होकार असतो.

इथं एक सांगते. घरात पाच जणांची पाच मतं असायला माझी हरकत नाही, पण डिझायनरकडं जाताना एकच माणूस गेला पाहिजे. आम्ही ते काम जाऊबाईंवर सोपवलं. माझ्यापेक्षा त्या कमी शिकलेल्या, पण त्यांचं बोलणं मोजकं. बाकीच्यांचं म्हणणं साधारण 'जरा उठावदार करा', 'मजा येईना', 'काहीतरी कमी वाटतंय' या जातीचं. त्यावर ती पोरगी काय करणार? रंग वाढवून बघणार, अक्षर फुगवून बघणार, आणि दोनातली एक फेरी वाया जाणार. जाऊबाईंचा निरोप असा: "वजन कुठं लिहिलंय ते शोधावं लागतंय. चष्म्याशिवाय घटक वाचता येत नाहीत. नाव हात लांब करून धरलं तरी वाचता आलं." यात रंग कुठला, फॉन्ट कुठला याचा शब्दही नाही. काय करायचं ते तिनं ठरवलं: वजन नावाखालच्या पट्टीत आणलं आणि मागची माहिती दोन स्तंभांत मांडली.

नवऱ्यानं एकदा 'पहिल्यातलं चित्र आणि दुसऱ्यातलं अक्षर' अशी भेळ सुचवली. पहिल्या कल्पनेत डंकाचं रेखाचित्र होतं आणि नाव ब्रशनं काढलेलं; दुसऱ्यात चित्र जवळजवळ नाहीच, नाव ठसठशीत आणि मोठं. तिनं ती भेळही करून दाखवली, आणि त्या एवढ्याशा जागेत चित्र आणि अक्षर एकमेकांना ढकलत होती हे आम्हाला आपोआपच दिसलं. शेवटी ब्रशवालं घेतलं. बाबूराव पेंटरांच्या गावात हातानं काढलेल्या अक्षराला अजून मान आहे, असं मला उगाच वाटतं.

मात्र चित्रातल्या चटणीच्या रंगावर जाऊबाई अडल्या. तिनं ढीग काढला होता तो केशरी-लाल, बघायला छान. जाऊबाईंनी वाटीत चमचाभर चटणी घेतली आणि तिच्या टेबलावर ठेवली. कांदा-लसूण भाजून घातल्यावर रंग विटकरी येतो, आणि दोन दिवस मुरला की आणखी उतरतो. "असला लाल आला तर लोकं म्हणतील रंग घातलाय." लसणाच्या पाकळ्याही तिनं जाड काढल्या होत्या, आम्ही गावठी लसूण वापरतो, त्याची पाकळी बारीक आणि जांभळट. तिनं दोन्ही बदललं आणि ते फेरीत धरलं नाही. म्हणाली, "हे मला कुठनं कळणार ओ काकू, हे तुम्हीच सांगायचं." माझ्या मते डिझायनरच्या गिऱ्हाइकानं अडून बसायची जागा हीच. मालाबद्दल आपल्याइतकं तिला माहीत नसतं. मांडणीबद्दल तिच्याइतकं आपल्याला माहीत नसतं, तिथं आपण गप्प राहिलेलं बरं.

सगळ्यात जास्त वेळ मजकुरात गेला. लोकांना वाटतं डिझाइन म्हणजे चित्र. खाद्यपदार्थाच्या लेबलावर चित्राला उरलेली जागा मिळते, कारण कायद्याचा मजकूर आधी बसवावा लागतो. पदार्थाचं नाव, घटक (वजनानं जास्त ते आधी, या क्रमानं), निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, ग्रॅममागं किती पडतं तो दर, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि परवान्याचा १४ अंकी नंबर. हे सगळं इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावं लागतं. मराठी वरून हवी तेवढी घाला, पण फक्त मराठीत लिहून चालत नाही. म्हणजे मागच्या बाजूला मजकूर दुप्पट. ही गोष्ट तिला आधी सांगितली होती म्हणून तिनं मागची बाजू सुरुवातीलाच मोकळी ठेवली. ऐनवेळी सांगितलं असतं तर पुढचं डिझाइनही मोडलं असतं.

शाकाहाराचं हिरवं चिन्हही मनाला येईल तेवढं छापता येत नाही. पाकिटाच्या पुढच्या बाजूच्या क्षेत्रफळावर त्याचं किमान माप ठरतं. आमचं पाउच १२ बाय १८ सेंटीमीटर, म्हणजे २१६ चौरस सेंटीमीटर. १०० ते ५०० च्या गटात आतल्या गोलाचा व्यास किमान ४ मिलिमीटर, आणि बाहेरच्या चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट. डिझायनरला हे ठाऊक होतं, तिनं आधी लोणच्याचं काम केलं होतं. नसतं तर आम्हाला सांगावं लागलं असतं, कारण नोटीस आली तर ती उत्पादकाला येते.

बारकोडचंही तसंच. नंबर जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतला, तो ८९० नं सुरू होतो. पूर्ण मापाचा बारकोड साधारण ३७ बाय २६ मिलिमीटर असतो आणि ८० टक्क्यांपर्यंतच लहान करता येतो. आजूबाजूला सोडायची मोकळी जागा या मापात धरलेली असते, ती भरून टाकता येत नाही. नवऱ्याची सूचना होती की बारकोडच्या रेघा तरी लाल करू, तेवढंच त्याच्या लालचं समाधान. पण दुकानातला स्कॅनर लाल उजेड टाकतो, आणि त्या उजेडात लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते. गल्ल्यावर पाकीट वाजलंच नसतं. निळ्या रेघा चालतात, काळ्या सगळ्यात बऱ्या. आम्ही काळ्या ठेवल्या.

अक्षरांवर तिनं जो जीव टाकला तो बघण्यासारखा होता. ब्रशनं काढलेलं नाव सोडून बाकी मराठी मजकुरासाठी तिनं फॉन्ट निवडला तो जोडाक्षरं बघून. 'लसूण'चा ल तिला पाकळीचाच हवा होता, दांडीचा नको. २००९ च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेतही तसाच आहे, हे तिनं मला सांगितलं. माझं लक्ष कधी गेलं नव्हतं, पण हिंदी पाकिटांशेजारी धरल्यावर फरक लगेच दिसला. आणि 'कोल्हापुरी'चा पु ऱ्हस्व. बाजारातल्या निम्म्या पाट्यांवर तो दीर्घ आहे.

खरा धोका प्रेसमध्ये असतो. अजून बऱ्याच प्रेसमध्ये जुनं कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि जुने मराठी फॉन्ट चालतात. त्यांत युनिकोड, म्हणजे मोबाइलवर टाइप करतो तसा, मजकूर टाकला की जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या दुसरीकडं जातात. मग तिथला ऑपरेटर सगळं पुन्हा टाइप करतो आणि चुका नव्यानं जन्माला येतात. म्हणून तिनं अक्षरं कर्व्ह करून पीडीएफ दिली, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, सोडून. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं, कुणाला ते बिघडवता येत नाही आणि सुधारताही येत नाही. त्यामुळं कर्व्ह करण्याआधीचं वाचन आमचं काम. जाऊबाईंनी मोठ्यानं वाचलं, मी मूळ कागदावर टिकमार्क केले, फोन नंबर एकेक आकडा म्हणून. पुतण्यानं नंबर लावून बघितला, माझाच फोन वाजला. पिनकोड तपासला. मग 'मजकूर तपासला, मान्य' असं लिहून पाठवलं. हे लिहून देणं दोघांनाही सोयीचं.

किंमत, तारीख आणि बॅच लेबलावर छापले नाहीत. मिरचीचा भाव दरवर्षी बदलतो. त्यासाठी एक पांढरी चौकट ठेवली. स्टिकरला मॅट लॅमिनेशन हवंच होतं, कारण चटणीला तेल असतं. साधा कागदी स्टिकर तेलकट हात लागला की पारदर्शक होतो. पण लॅमिनेशनवर शिक्क्याची साधी शाई टिकत नाही, बोटानं पुसली जाते. डिझायनर, प्रेसवाले आणि जाऊबाई यांनी मिळून ठरवलं की तारखेसाठी वेगळा छोटा कागदी स्टिकर त्या चौकटीत लावायचा. दिसायला जरा घरगुती वाटतं. मला चालतं.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मागायला लाजू नये, आणि प्रूफ ज्यावर छापायचं त्याच स्टिकरवर मागावं. आमचा निळा मोबाइलवर निळा होता. प्रूफवर जांभळा आला, वांग्याच्या सालीच्या जवळ जाणारा. ट्यूबलाइटखाली तो तितका कळत नव्हता, प्रेसच्या दारात उन्हात धरल्यावर कळला. प्रेसवाल्यांचं म्हणणं, "एवढा फरक पडतोच." डिझायनरला फोन लावला तर तिनं रंगाचे आकडे सांगायला लावले. निळ्यात किरमिजी शाई जास्त झाली की तो जांभळ्याकडं झुकतो. तिनं ती कमी करून फाइल पुन्हा पाठवली, पुढचं प्रूफ हवं तसं आलं. प्रेसवाल्यांना तिच्याशीच बोलू देणं हा यातला शहाणपणाचा भाग. मी मध्ये पडून 'जरा कमी जांभळं करा' म्हटलं असतं तर मशीनवर कुणीतरी शाईशी खेळला असता, आणि पुढच्या छपाईला तो रंग परत मिळाला नसता.

फाइल देताना तिनं एक फोल्डर दिलं: ओपन फाइल, छपाईची पीडीएफ, नावाचं वेगळं चित्र, आणि वापरलेल्या फॉन्टची नावं. मी एक कागद तयार ठेवला होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावे होतात ते लेखी सहीनं, आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मुलगा दुबईला असलेली एक शेजारीण तिकडं चटणी पाठवायचं म्हणत होती, म्हणून दोन्ही लिहून घेतलं. डिझायनरनं सही केली आणि त्यात एक ओळ आपली घातली: हे काम ती आपल्या कामाच्या नमुन्यांत दाखवू शकेल. त्यात आमचं काय जातंय? उरलेले पैसे तिथंच यूपीआयनं दिले.

पाकिटं दुकानात गेल्यावर ती आठवड्याभरानं स्वतःहून बघायला गेली. आमचा माल खालच्या फळीवर ठेवलेला. उभ्या पाउचमध्ये चटणी तळाशी बसते आणि तळ फुगतो, त्यामुळं स्टिकरची खालची कड आत वळली होती आणि वजनाची पट्टी तिथंच. लेबल बदलावं लागणार म्हणून मी धास्तावले. तिनं नुसता फोटो पाठवला, त्यावर बोटानं ओढलेली एक रेघ: स्टिकर बोटभर वर लावा. जाऊबाईंनी पुठ्ठ्याचा एक साचा कापला, पाउच त्यात ठेवायचं आणि स्टिकर साच्याच्या वरच्या कडेला टेकवायचा. आता लेबलं लावायला येणाऱ्या दोघी बायका तोच साचा वापरतात. जवसाच्या चटणीचा मजकूर जाऊबाईंनी परवाच तिला पाठवलाय, त्यात पाउचच्या तळाचं मापही लिहिलंय.